व्हेनिसमधले जपानचे घर आणि फैजपूरचा मंडप

चित्रे आणि शिल्पे मांडण्यासाठी बांधलेल्या खोलीच्या जमिनीला मधोमध चौकोनी भोक असावे, हे ऐकताक्षणी मांडणी करणाऱ्या कोणाच्याही कपाळाला आठ्या पडतील. व्हेनिसच्या जिआर्दिनी या बागेत जपानची जी वास्तू आहे तिच्या जमिनीला असे भोक आहे. त्याच्या बरोबर वर छतालाही उजेडासाठी जागा सोडलेली आहे, आणि आत चार भिंतीवजा खांब असे उभे आहेत की खोलीत कुठेही उभे राहिले तरी एखादा खांब नजरेच्या आड येतोच. साधारण सोळा मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी ही एकच खोली खांबांवर उचललेली असल्यामुळे तिच्या पोटाखाली मोकळी, सावलीची जागा राहते. ही वास्तू १९५६ साली उभी राहिली, आणि तेव्हापासून जपानचा प्रत्येक कलावंत या भोकाचे आणि या खांबांचे काय करायचे, हा प्रश्न सोबत घेऊनच व्हेनिसला येतो. जपानच्या राष्ट्रीय दालनाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास, असे माझे मत आहे, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

व्हेनिसची ही आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शने १८९५ साली सुरू झाली. दर दोन वर्षांनी भरत असल्यामुळे त्यांना बिएनाले म्हणतात. इतर मोठ्या प्रदर्शनांपेक्षा तिची रीत निराळी आहे, कारण मध्यवर्ती प्रदर्शनाखेरीज प्रत्येक देश आपापले दालन आपल्या खर्चाने आणि आपल्या निवडीने मांडतो. जिआर्दिनीत अशी २९ राष्ट्रीय पॅव्हिलियने आहेत. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही ते देश आर्सेनाले या जुन्या जहाजबांधणीच्या आवारात किंवा शहरातल्या एखाद्या वाड्यात जागा भाड्याने घेतात. देशांची अशी स्वतंत्र घरे असावीत की नसावीत यावर पुष्कळ वाद होतो, आणि तो निरर्थक नाही. २०२२ साली युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचे दालन बंद राहिले आणि २०२४ साली त्यात बोलिव्हियाचे प्रदर्शन भरले, यावरून या घरांच्या किल्ल्या कलेच्या हातात किती आणि राजकारणाच्या हातात किती, याची कल्पना येते. रशियाची ती वास्तू जपानला अगदी लागून आहे.

जपानने येथे अधिकृतपणे भाग घेतला तो १९५२ साली, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचा ताबा संपून देश पुन्हा सार्वभौम झाला त्याच वर्षी. त्या पहिल्या निवडीत चित्रकार योकोयामा ताइकान यांचे नाव होते, आणि खानदेशातल्या वाचकाने या नावाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. हेच ताइकान १९०३ साली कलकत्त्याला आले होते आणि चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याशी त्यांची गाढ ओळख झाली होती. पुढे त्याच वर्तुळातले अराई काम्पो भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठा आपल्या खानदेशाच्या सीमेपलीकडे असला, तरी तिथे जाणारा माणूस आजही बहुधा जळगावच्या स्थानकावरच उतरतो. मोठ्या कष्टाने जपानला नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळून गेल्या. तात्पर्य, जपानी चित्रकारांचा आणि आपल्या मुलखाचा संबंध व्हेनिसच्या आधीचा आहे.

वास्तूसाठी पैसा लागत होता आणि युद्धातून नुकत्याच सावरत असलेल्या सरकारकडे तो नव्हता. बांधकामाचा भार ब्रिजस्टोन या टायर कंपनीचे संस्थापक शोजिरो इशिबाशी यांनी उचलला. आराखडा ताकामासा योशिझाका यांचा होता. ते पॅरिसला चंदीगडचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम करून परतलेले होते. खांबांवर उचललेले घर ही गुरूची शिकवण, हे चंदीगड पाहिलेल्याला सांगावे लागत नाही, परंतु जमिनीला भोक पाडून वरचा उजेड आणि पाऊस थेट खालच्या मातीशी जोडण्याचे धाडस शिष्याचे होते. पहिल्याच वर्षी या घराला मोठा मान मिळाला. शिको मुनाकाता यांना मुद्राचित्रणाचे मुख्य पारितोषिक १९५६ सालीच लाभले. मुनाकाता यांची नजर इतकी अधू होती की ते लाकडी फळीला जवळजवळ नाक लावून कोरीव काम करीत. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या मुद्राचित्रांचा विषय बुद्धाचे दहा प्रमुख शिष्य हा आहे.

त्यानंतरच्या वर्षांत अनेक प्रदर्शनांनी सोयीचा मार्ग निवडला. भोकावर झाकण घातले, वरचा उजेड अडवला आणि खोली इतर कोणत्याही गॅलरीसारखी करून टाकली. त्यात चूक म्हणता येत नाही, कारण रंगचित्र टांगायचे तर भिंत हवी आणि स्थिर प्रकाश हवा. दालनाबाहेर मात्र गमतीच्या गोष्टी घडत होत्या. १९६६ साली यायोई कुसामा या तरुण बाईंनी कोणत्याही देशाच्या निवडीत नसताना बागेतल्या हिरवळीवर पंधराशे आरसेदार गोळे मांडले आणि किमोनो नेसून ते दोन डॉलरला एक या दराने विकायला सुरुवात केली, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांची विक्री थांबवली. त्याच कुसामा १९९३ साली जपानच्या अधिकृत दालनात एकट्याच्या बळावर मांडणी करीत होत्या. मधल्या सत्तावीस वर्षांत जपानचा पाहुणचार किती बदलला याचे मोजमाप यापेक्षा चांगले मिळणार नाही. मधल्या काळात १९७० साली नोबुओ सेकिने यांनी आरशासारख्या लखलखीत पोलादी खांबावर एक प्रचंड दगड ठेवला होता. छायाचित्रात तो दगड हवेत तरंगल्यासारखा दिसतो, आणि ते शिल्प दगड, पोलाद अशा वस्तू फारशी घडण न करता मांडणाऱ्या जपानच्या मोनो-हा या कलाप्रवाहाचे चिन्हच होऊन बसले.

माझ्या दृष्टीने खरी बहार येते ती कलावंतांनी घराशी भांडणे सोडून त्याच्याशी बोलणे सुरू केल्यावर. १९९७ साली रेई नाइतो यांनी दालनात एका वेळी एकाच माणसाला प्रवेश दिला. बाहेर रांग लांबत गेली आणि आत मात्र एकच जीव त्या नाजूक मांडणीसमोर बसलेला. २००७ साली मासाओ ओकाबे यांनी हिरोशिमाच्या उजिना स्थानकाच्या फलाटाचे घासचित्रण मांडले, म्हणजे दगडावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवलेले दगडाचे ठसे. उजिना हे युद्धासाठी सैनिक रवाना करणारे बंदर होते, आणि त्याच फलाटाच्या दगडांनी अणुबॉम्बही सोसला. ओकाबे यांनी काही मूळ दगडच व्हेनिसला आणले होते आणि पाहुण्यांना कागद-पेन्सिल देऊन ठसे घ्यायला बसवले होते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या कामाबद्दल जास्त सांगण्याची गरज वाटत नाही. फलाटाच्या दगडावर किती पावलांचा झिजवटा असतो हे आम्ही रोज पाहतो, फक्त त्याच्यावर कागद ठेवून पाहत नाही.

२०११ साली ताबाइमो यांनी भोकाची विहीर केली. विहिरीतल्या बेडकाची गोष्ट आपल्याकडे कूपमंडूक म्हणून सर्वांना माहीत आहे. जपानी लोक तिला आणखी एक ओळ जोडतात की बेडकाला समुद्र माहीत नसेल, पण आकाशाची खोली त्याला माहीत असते. जगापासून तुटलेला म्हणून हिणवल्या जाणाऱ्या आपल्या देशाला ताबाइमो यांनी त्या बेडकाच्या जागी ठेवले आणि हलत्या चित्रांनी खोलीचे आत आणि बाहेर, वर आणि खाली उलटेपालटे केले. तेव्हापासून ते भोक झाकायची कोणाला छाती झाली नसावी, असे मी गमतीने म्हणतो. २०१५ मध्ये चिहारू शिओता यांनी दोन जुन्या होड्यांवर छतापासून लाल धाग्याचे दाट जाळे विणले आणि त्याला जगभरच्या लोकांनी दिलेल्या पन्नास हजारांहून अधिक किल्ल्या लटकवल्या. ही मांडणी सर्वांत जास्त लोकप्रिय झाली, परंतु मला तिच्यातला खालचा भाग अधिक मोलाचा वाटतो. खांबांमधल्या सावलीत लहान मुले आपल्या जन्माच्या वेळच्या आठवणी सांगताना दिसत होती, आणि वर टांगलेल्या ओझ्याला खालून उत्तर मिळत होते. २०१७ मध्ये ताकाहिरो इवासाकी यांनी तर पाहुण्याला खालून पायऱ्या चढवून भोकातून नुसते डोके वर काढायला लावले. वर असलेल्या प्रेक्षकांना कपड्यांच्या आणि टॉवेलांच्या डोंगरातून अचानक एक माणसाचे मुंडके वर आलेले दिसे, आणि त्या मुंडक्याला टॉवेलातून सुटलेल्या दोऱ्यांचे बारीक मनोरे नाकासमोर दिसत.

२०२४ चे प्रदर्शन मी प्रत्यक्ष पाहिले, कारण भाची पादुआला शिकते आणि तिथून व्हेनिस आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. युको मोहरी यांची ती मांडणी होती. तिचे संयोजन सुक-क्यंग ली या मूळच्या कोरियन संयोजिकेकडे होते, आणि जपानने आपल्या घराची सूत्रे अशा रीतीने परदेशी व्यक्तीच्या हाती दिली हीच मोठी बातमी होती. दोन कल्पनांवर सगळे बेतलेले होते, एक गळती आणि दुसरी कुजणे. टोकियोच्या भुयारी रेल्वे स्थानकांत छतातून पाणी झिरपू लागले की तिथले कर्मचारी प्लास्टिकचे कागद, नळ्या, बाटल्या आणि बादल्या जोडून जी तात्पुरती व्यवस्था करतात, ती मोहरी यांनी अनेक वर्षे टिपून ठेवली आहे. दालनात त्यांनी स्वतःच गळती निर्माण केली आणि मग नळ्या व भांडी जोडून तिचा बंदोबस्त केला. पाणी एका नळीतून चढत होते, दुसरीतून उतरत होते आणि मध्येच कुठेतरी टपकून काहीतरी वाजवीत होते. आमच्या आजोळी धाब्याचे घर होते, त्यावर दर उन्हाळ्याच्या शेवटी खारी माती पसरत असत, आणि तरीही आषाढात आजी पातेली आणि घमेली घेऊन रात्रभर ठिबकणाऱ्या जागा शोधत फिरत असे. मोहरी यांची मांडणी हुबेहूब तशीच दिसत होती. फरक एवढाच की आजीला गळती नको होती आणि मोहरी यांना ती हवी होती, आणि हा फरक काही लहान नाही.

फळांचा भाग मी अधिक वेळ पाहिला. जुन्या लाकडी कपाटांवर आणि टेबलांवर फळे ठेवलेली होती आणि प्रत्येकात विजेच्या तारांची टोके खुपसलेली होती. फळ कुजू लागले की त्यातला ओलावा बदलतो, ओलावा बदलला की वीज वाहण्याला होणारा विरोध बदलतो, आणि त्या बदलाप्रमाणे जोडलेल्या दिव्याचा उजेड आणि ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या आवाजाची पट्टी बदलते. एका संत्र्याजवळ मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. तार जिथे शिरली होती तिथे सालीला तपकिरी कडे आले होते, त्याच्या एका बाजूला राखाडी-हिरवी बुरशी धरली होती, आणि दुसरी बाजू अजून इतकी ताजी होती की सालीवरची भोके मोजता येत होती. दिवा मंदपणे धडधडत होता आणि आवाज एकसुरी, थोडा घसरलेला. केळीच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाला फळ कसे नासते हे शिकवावे लागत नाही, परंतु ते नासत असताना त्याचा आवाज ऐकण्याची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती. भाची हळूच म्हणाली, ‘मामा, हे आपल्याकडे मांडलं असतं तर सकाळी झाडूवाल्यांनी उचलून नेलं असतं.’ मी तिला म्हणालो, इथेही शेवटी उचलतातच. कुजलेल्या फळांचे खत करण्याची व्यवस्था मांडणीचाच भाग होती.

या मांडणीतली एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. फळे, फर्निचर, बादल्या, नळ्या असा बहुतेक सारा ऐवज व्हेनिसमधल्या आणि आसपासच्या दुकानांतून घेतलेला होता. जपानमधून पेट्या भरून काही आणायचे नाही, जिथे उभे राहायचे तिथलेच साहित्य घ्यायचे, अशी ती भूमिका होती. हवामानबदलाच्या काळात तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु ही अट नवी नाही, आणि माझ्या गावापासून थोड्या अंतरावर ती फार मोठ्या प्रमाणावर पाळली गेली होती, ही गोष्ट मला तिथे उभा असताना राहून राहून आठवत होती.

डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशनाची वसाहत खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून उभी राहावी, आणि हे काम त्यांनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून त्यांच्या हाती दिले. नंदलाल यांनी बांबू, चटया, माती आणि गवत यांतून टिळकनगर नावाची ती वसाहत उभी केली, प्रवेशद्वारे सजवली आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांचा रथ तयार केला. खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी त्यांच्या कामाची भरभरून स्तुती केली. हे नंदलाल १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर जपानला जाऊन आलेले होते. स्थानिक साहित्याची ही शिकवण त्यांनी जपानकडून घेतली असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा माझ्याजवळ नाही आणि ती मुळात गांधीजींची होती. परंतु जपानी चित्रकाराची शाई, कागद आणि मोकळी जागा यांच्याबद्दलची आस्था त्यांनी जवळून पाहिली होती, एवढे निश्चित.

फैजपूरनंतर १९३८ साली हरिपुऱ्याचे अधिवेशन झाले, तेही आपल्याच तापीच्या खालच्या काठावर, गुजरातेत. त्यासाठी नंदलाल यांनी शेतकरी, कुंभार, शिंपी, ढोलकीवाले अशा खेड्यातल्या माणसांची जी चित्रफलके काढली, ती २०१९ मध्ये व्हेनिसला भारताच्या दालनात मांडली गेली. म्हणजे फैजपूरच्या मंडपात सुरू झालेला विचार व्हेनिसपर्यंत पोचला, पण भाड्याच्या जागेत. भारताचे कायम दालन तिथे नाही. २०११ साली ललित कला अकादमीने रणजित होस्कोटे यांच्या संयोजनाखाली दालन मांडले, मग आठ वर्षे काही नाही, २०१९ साली गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त पुन्हा एक झाले आणि २०२२ व २०२४ ची दोन्ही वर्षे कोरडी गेली.

आपल्या लोकांना याची खंत वाटते ती बहुधा मानाच्या दृष्टीने, की जपानला घर आहे आणि आपल्याला नाही. मला ती खंत वेगळ्या कारणाने वाटते. जपानच्या घराने जपानी कलावंतांना प्रतिष्ठा दिली त्यापेक्षा अडचण जास्त दिली, आणि ती अडचण सर्वांना एकच दिली. इवासाकी यांना पाहुण्याचे डोके भोकातून काढण्याची कल्पना सुचली, कारण आधीच्या किती जणांनी ते भोक झाकले आणि किती जणांनी उघडे ठेवले हे त्यांच्यापुढे होते. २०२३ च्या वास्तुकला प्रदर्शनात तर जपानने योशिझाका यांची ही इमारतच विषय म्हणून मांडली आणि तिला एखाद्या सजीवासारखे वागवले. दर वेळी नव्या भाड्याच्या जागेत, नव्या समितीसह, नव्या घाईत मांडणी करणाऱ्या देशाला अशी साखळी तयार करता येत नाही. तिथे प्रत्येक संयोजक पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याचे शिकलेले त्याच्याबरोबरच जाते.

जिआर्दिनीत नवी वास्तू बांधायला जागा मिळणे सोपे नाही आणि मिळाली तरी ती परवडेल की नाही हा प्रश्न आहेच. परंतु साखळीसाठी सिमेंटचीच गरज असते असे नाही. जपानच्या बाजूला जपान फाउंडेशन ही एकच संस्था कित्येक दशके हे काम सांभाळते आणि १९५२ पासूनच्या प्रत्येक मांडणीची, कलावंतांच्या नावांसह, नोंद कोणालाही पाहता येईल अशी ठेवते. आपल्याकडे फैजपूरच्या टिळकनगराची काही जुनी छायाचित्रे आहेत, नंदलाल यांच्या चरित्रांत त्याची वर्णने आहेत, आणि गावातल्या वृद्ध माणसांनी वडिलांकडून ऐकलेल्या हकिकती आहेत, पण बांबूच्या त्या वसाहतीचा नकाशा, तिच्या जोडण्या, तिच्यासाठी राबलेल्या सुतार-बुरुडांची नावे हे सारे एका ठिकाणी लावून ठेवलेले मला अजून सापडलेले नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी त्या छायाचित्रांवरून मंडपाची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायचे ठरवले आहे. बांबू सावद्याच्या बाजारातून आणू, आणि ज्या घरांत अधिवेशनाच्या कामाची आठवण अजून सांगितली जाते त्या घरांचे पत्ते वाचकांपैकी कोणाला माहीत असतील तर त्यांनी जरूर कळवावे.